पांढऱ्या शर्टांचं टेबल

पहाटे पाचला थोरली उठायची. इस्त्र्या तापायच्या आत लाँड्रीत पोचायचं, हा तिचा नेम. पांढऱ्या शर्टांचं टेबल तिचं होतं. तिथे कॉलरवर एक सुरकुती खपत नसे. मग तिचा डावा डोळा गळायला लागला, थेंब शर्टांवर पडायला लागले, आणि मालकांनी ते टेबल तिच्या धाकट्या जावेला दिलं. थोरलीच्या वाट्याला चादरी आल्या.

"डोळा बरा झाला की टेबल तुझं," मालक म्हणाले. "पण फार थांबणार नाही."

धाकटीचं काम कच्चं असतं, तर थोरलीला सुखाची झोप लागली असती. ते पक्कं होतं. चादरींच्या घड्या घालताना थोरलीची मान वळून वळून तिकडेच जायची.

"टेबल गेलं म्हणून रडतेय ही," धुणारी म्हणाली.

"एकाच डोळ्याने?" शेजारचीने विचारलं.

"दुसरा धाकटीवर ठेवलाय ना."

डॉक्टर म्हणाले, डोळ्यातलं पाणी नाकात उतरतं. ती वाट कुठे तुंबलीय ते आधी एक्स-रेत बघू. गळ्याशी धातूचा हुक किंवा चेन नको, फोटोत येते. थोरलीच्या सगळ्या कपड्यांना हुक. धाकटीने आपला कापडी बटणांचा पांढरा शर्ट पुढे केला.

"घाला जाऊबाई. इस्त्री केलीय."

"दिसतंय." कॉलर सुरीच्या पात्यासारखी होती. थोरलीच्या पोटात दुखलं.

एक्स-रेवाल्या बाईंनी पापणीच्या कोपऱ्यातल्या इवल्या भोकात केसाएवढी नळी घातली, औषध सोडलं. "आता हलायचं नाही." औषधातलं थोडं उलटं फिरलं आणि गालावरून कॉलरकडे निघालं. हिच्या कॉलरवर माझा डाग? जन्मभर ऐकवेल. आणि डाग ओला असतानाच टिपायचा, हे हाताला ठाऊक. थोरलीने मान उचलून अंगठ्याने थेंब टिपला. फोटो हलला.

"काय केलंत हे?"

"कॉलर खराब होत होती."

"मी कॉलरचा फोटो काढत नव्हते, बाई."

पुन्हा खाडा, पुन्हा खर्च. धाकटीने तोच शर्ट धुऊन, इस्त्री करून पुन्हा घालायला दिला. एक शब्द बोलली नाही. थोरलीला तेच जास्त झोंबलं.

दुसऱ्या वेळी तिने मुठी आवळल्या. थेंब गालावरून कॉलरवर गेला, तिथे पसरला. ती दगडासारखी पडून राहिली. फोटो स्वच्छ आला: औषध नाकाच्या कडेच्या पिशवीपर्यंत उतरलेलं, खाली नळी बंद. ऑपरेशन झालं. डोळा गळायचा थांबला. मालकांनी शब्द पाळला. धाकटी चादरींवर गेली.

डाग काही निघाला नाही. पिवळट कडा राहिलीच.

चादरींच्या मजुरीतून दोन एक्स-रे झाले, ऑपरेशन झालं, आणि सगळ्यात शेवटी धाकटीसाठी एक नवा पांढरा शर्ट आला. तो घालून धाकटी कामावर आली, तेव्हा थोरलीने दोन्ही कोरड्या डोळ्यांनी आधी कॉलर पाहिली. इस्त्री धाकटीच्या हातची होती. सुरकुती नव्हती.