हुकावरचं स्टँड

गाडीत बसायच्या आधी नाना गाडीच्या मागं जायचे. सायकलींच्या स्टँडवर पायताणाचं टोक टेकवायचे, दोन्ही हातांनी ते गदागदा हलवायचे आणि म्हणायचे, "हललं न्हाई. म्हंजे हाय." मग पुढं येऊन स्टिअरिंगला हात लावायचा आणि तोच हात कपाळाला. चहाला थांबलो तरी परत निघताना नाना मागं गेलेच.

तुम्ही म्हणाल, ड्रायव्हर लोक टायरला लाथ मारून बघतात, त्यातलाच हा प्रकार. तसं नव्हतं. टायरकडं नाना ढुंकूनही बघायचे नाहीत. मागचं चाक बसलेल्या गाडीला स्टार्टर मारताना मी त्यांना पाहिलंय. वर मलाच म्हणाले, "आज गाडी जड कावून लागती रे?" जीव होता तो फक्त त्या स्टँडवर.

मी बी.एस्सी. होऊन दूध संघात लागलो तेव्हाची ही गोष्ट. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी तेव्हाही सांगायचो, आजही सांगतो. त्यात लाजायचं काय? संघाच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी मी ते सांगितलं, तेव्हा दाराशी विडी ओढत बसलेले नाना म्हणाले, "बरं झालं. आता म्हशी इंग्रजीत दूध देतेल." त्या दिवसापासून मी त्यांचा 'बीयस्सी' झालो. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, मला शंकाच आहे.

सालं दुष्काळाची होती. दूध आटलं, संघाचे कॅन पत्र्याखाली उपडे पडले. तेव्हा संघानं एक शहाणपणाचं काम केलं. दुधाची एक जुनी मेटाडोर होती, तिचा जनावरांचा फिरता दवाखाना केला. आत झोपायला दोन फळ्या, औषधांचं कपाट, रॉकेलचा स्टो, पाण्याचं पिंप. डॉक्टर, त्यांच्या हाताखाली मी आणि ड्रायव्हर नाना, असा तिघांचा संसार त्या डब्यात. सोमवारी निघायचं ते शनिवारी परत. पाटोद्याकडच्या डोंगरातल्या वस्त्या आमच्याकडं होत्या. डॉक्टर आणि मी फळ्यांवर झोपायचो, नाना पुढच्या सीटवर अंगाचं मुटकुळं करून. स्वयंपाक नानांकडं. पिठलं चांगलं करायचे, पण खारट. बोललं तर म्हणायचे, "दुष्काळ पाण्याचा हाय, मिठाचा न्हाई."

अडचण अशी की गाडी जायची सडकेपर्यंत आणि वस्त्या असायच्या टेकडीच्या पल्याड. आजारी जनावर सडकेवर आणता येत नाही, डॉक्टरलाच जावं लागतं. पायी एक वस्ती होईपर्यंत दिवस कलायचा. म्हणून डॉक्टरांनी दोन सायकली मिळवल्या, एक त्यांना, एक मला. त्या टपावर बांधायच्या. वर चढवताना कंबर मोडायची, उतरवताना खांदा. एकदा बाभळीच्या फांदीनं माझ्या सायकलचं हँडल वाकडं करून ठेवलं. सायकलींची खरी जागा गाडीच्या मागं होती. तिथं ओढकामाचा दणकट हूकही होता.

पण तो हूक चेअरमन साहेबांचा.

म्हणजे गाडी संघाची, हूक चेअरमननी बसवून घेतलेला. त्यांची मोसंबीची बाग होती आणि ती जळायला लागली होती. त्यांच्याकडं दोन चाकांची पाण्याची टाकी होती. "गाडी रिकामीच जाती की," ते म्हणायचे, "टाकी तेवढी वढून टाका बागंत." टाकी भरायला रांग, मग बाग, मग परत. आमचा अख्खा दिवस त्यात जायचा आणि वस्त्यांवरची माणसं वाट बघत बसायची.

नानांना नाही म्हणायची सोय नव्हती. ते हंगामी होते. दर वर्षी चेअरमन म्हणायचे, "नाना, औंदा तुला कायम करतो." कायम झालं की सिरसाळ्याजवळच्या आपल्या गावी पत्र्याच्या जागी स्लॅब टाकायचा, एवढंच त्यांचं स्वप्न. त्याबद्दल ते इतकं बोलायचे की त्या न झालेल्या घराची कोणती खिडकी कुठं, हे डॉक्टरांना आणि मला पाठ होतं.

एका वस्तीवर एक म्हातारी होती. तिची एक गाय, तीही गाभण. आदल्या आठवड्यात नानांनीच तिला शब्द दिला होता, "बुधवारी येतो आजी. डॉक्टरला घेऊनच येतो." त्या बुधवारी टाकी बागेत गेली. आम्ही गुरुवारी पोचलो. त्या दिवशी नाना का कोण जाणे, आमच्या मागं टेकडी चढून आले. वासरू आडवं आलं होतं. गाय पाय ताणून पडलेली, वर माशा. म्हातारी शेजारी बादली घेऊन बसली होती.

"काल वाट बघितली बाबा," ती म्हणाली. एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवशी पिठल्यात मीठच नव्हतं. डॉक्टर आणि मी तसंच खाल्लं, नाना जेवलेच नाहीत. भांडी आवरताना ते एकदम म्हणाले, "बीयस्सी, मला न्हाई म्हणता येत न्हाई. आता हुकालाच न्हाई म्हणू द्या."

दुसऱ्या दिवशी गाडी पाटोद्याच्या बाजारात एका वेल्डिंगवाल्याच्या दारात उभी. नानांनी खडूनं जमिनीवर स्टँडचं चित्र काढलं. वेल्डिंगवाला म्हणाला, "ही तर बाज हाय." पुष्कळ वादावादी झाली. शेवटी अँगलचा सांगाडा तयार झाला, दोन सायकली आडव्या बसतील असा, आणि तो हुकावर घट्ट बसला. नानांनी वेल्डिंगवाल्याला सांगितलं, "खालून नट-बोल्ट. वरून दोन टाके मार, हुकाला न चिकटता, दिसण्यापुरते."

मी विचारलं, "पक्कंच का नाही करत?"

"हूक संघाचा हाय," नाना म्हणाले. "उद्या खरंच कुणाच्या प्यायच्या पाण्याला लागला तर? काढायला यावं." मग नट-बोल्टवर बोटभर ग्रीस थापलं, त्यावर फडकं गुंडाळलं, त्यावर डांबर. लांबून काय, जवळूनसुद्धा कळलं नसतं.

आता एवढी अक्कल लढवणाऱ्या माणसानं सायलेन्सर कुठं येतो ते बघावं की नाही? नाही बघितलं. माझी बी.एस्सी. तिथंच उभी होती, तिनंही नाही बघितलं. घाट चढून आम्ही एका चारा छावणीपाशी आलो आणि मागं बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. सगळ्या रस्त्यानं गरम धूर डॉक्टरांच्या सायकलच्या टायरवर येत होता. टायरच्या चिंध्या. छावणीतल्या म्हशी दावी तोडून पळाल्या, आणि आम्ही तिघं दुपारभर त्या गोळा करत हिंडलो. छावणीवाला म्हणाला, "दवाखाना आला का दरोडा बे?" नाना शांतपणे म्हणाले, "म्हशीत ताकद किती राहिली ते तपासत होतो."

मग सायलेन्सरचं तोंड वाकवून बाजूला घेतलं. नंबरप्लेट सायकलींनी झाकली गेली, तर नानांनी पत्र्याच्या डब्याच्या झाकणावर नंबर रंगवून ते सायकलच्या हँडलला टांगलं. एक आकडा उलटा काढला होता. पेडलनं गाडीचा रंग खरवडू नये म्हणून गोणपाट, सायकली हलू नयेत म्हणून जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. त्या पट्ट्यांची गाठ फक्त नानांनीच मारायची. आम्ही मारलेली ते न बोलता सोडायचे आणि तशीच परत मारायचे.

पुढच्या आठवड्यात चेअरमनचा माणूस टाकी घेऊन संघाच्या आवारात आला.

"हूक कुठाय?"

"हाय की," नाना म्हणाले. "सायकलीच्या खाली."

"काढ ते."

"निघत न्हाई. वेल्डिंग हाय."

तासाभरानं चेअरमन स्वतः आले. गाडीभोवती एक चक्कर मारली. स्टँड धरून हलवलं, ते तसूभर हललं नाही. नाना विडी न पेटवता नुसती हातात धरून उभे. मग चेअरमन माझ्याकडं वळले.

"तुमी शिकलेले. सांगा, निघंल का हे?"

मी गुडघ्यावर बसलो, खाली वाकलो. डांबराच्या आत नट कुठं आहे ते मला डोळे मिटूनही सापडलं असतं. मी सरळ बोलणारा माणूस आहे, खोटं बोलायला मला जमत नाही. पण त्या दिवशी असं जमलं की माझं मलाच नवल वाटलं.

"कापावं लागेल साहेब," मी म्हणालो. "हुकासगट."

हूक त्यांच्या आवडीचा. तो कापायचं त्यांच्या जिवावर आलं. ते नानांना म्हणाले, "लई हुशार झालास नाना. ऱ्हा मग असाच. हंगामी."

"ऱ्हातो की," नाना म्हणाले आणि विडी पेटवली. काडी तीनदा विझली.

बागेला पुढं कुणाचा तरी ट्रॅक्टर लागला. आमचे बुधवार मात्र बुधवारीच व्हायला लागले. सकाळी सडकेला गाडी लागली की डॉक्टर एका टेकडीला, मी लस-औषध घेऊन दुसऱ्या टेकडीला. वस्त्यांवरची पोरंसोरं सांगायची, 'सायकलवाला दवाखाना आला.' त्या वर्षी किती जनावरं वाचली ते मी मोजलं नाही, पण वाचली. म्हातारीकडं आता जनावर नव्हतं, तरी तिच्या टेकडीखाली नाना थांबायचे, दोनदा हॉर्न वाजवायचे. ती तांब्याभर पाणी घेऊन खाली यायची, गाडीच्या पोटात घालायला. नाना म्हणायचे, "गाडीला तहान न्हाई आजी, मला हाय," आणि तिच्यासमोर दोन घोट पिऊन तांब्या तिला परत द्यायचे. गाडी पुढं तापून उभी राहायची, ते वेगळं.

स्टँड निघालं फक्त एकदा. एका वस्तीचा सरकारी टँकर आलाच नव्हता, आणि पंचायतीची छोटी टाकी ओढायला काही नव्हतं. नानांनी इकडंतिकडं बघितलं, पाना काढला, डांबर खरवडलं आणि विडी संपायच्या आत स्टँड आमच्या फळीवर आडवं झालं. संध्याकाळी पाणी पोचवून परत बसवलं, परत ग्रीस, फडकं, डांबर. वस्तीवर कुणी विचारलं, तर म्हणाले, "बीयस्सीनं मंत्र घातला."

एक सांगायचं राहिलं. नानांना सायकल येत नव्हती. ज्या सायकलींसाठी त्यांनी आपलं कायम होणं घालवलं, त्यांवर त्यांना बसताच यायचं नाही. एकदा आम्ही त्यांना कोरड्या तलावात नेलं. पाणी नसल्यानं तिथं मैदानासारखी सपाट जागा होती. डॉक्टरांनी मागून सीट धरली. नाना दहा हात गेले, डॉक्टरांनी सीट सोडलीय हे त्यांना कळलं, आणि ते भेगाळलेल्या गाळात आडवे झाले. धोतर झटकत उठले. "दोन चाकांना इमान न्हाई," ते म्हणाले. "माणसानं चार चाकं असल्याबिगर घराभाईर निघू ने." डॉक्टर आणि मी हसून खाली बसलो. नानाही हसले, पण सायकलला काही लागलं नाही ना, ते आधी बघून.

पुढं पाऊसकाळ बरे झाले, दूध वाढलं, संघ मोठा झाला आणि मग, आपल्याकडं होतं तसं, बुडाला. डॉक्टर बदली घेऊन गेले. मी शाळेवर लागलो. आवाराला कुलूप पडलं, तेव्हा कायम माणसांना काहीबाही मिळालं. नाना हंगामीच होते. ते गावी गेले. मी एकदोनदा जाऊन आलो. पत्रे तेच होते. स्लॅबचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. पाणी दिलं, चहा झाला आणि निघताना त्यांनी विचारलं, "बीयस्सी, स्टँड हाय का आजून?"

मी म्हणालो, "असेल की."

"जाऊन हलवून बघा एकदा."

मी गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, असंच झालं. गेल्या उन्हाळ्यात नाना गेले. आणि परवा कळलं, संघाच्या आवारातलं भंगार उचलणार आहेत. मी पिशवीत पाना टाकला आणि निघालो. स्टँड घरी आणायचं, असं मनात होतं.

आवारात वेड्या बाभळी माजल्यात. मेटाडोर दगडांवर उभी होती. चाकं नाहीत, काचा नाहीत, आतल्या फळ्यासुद्धा कुणीतरी नेलेल्या. मागं स्टँड तसंच होतं, तांबारलेलं. एका अँगलला ट्यूबची पट्टी होती, तिला नानांची गाठ. मी वाकून नखानं खालचं डांबर उकरलं. फडकं निघालं, फडक्याखाली ग्रीस, आणि ग्रीसखाली नट. कोरा. काल बसवल्यासारखा.

भंगारवाल्याचा माणूस मागून आला. त्याच्या हातातही पाना होता.

"काका, हे सुटं निघतंय का? निघत असंल तर आधी हेच काढून नेतो. गाडीचं मागनं बघू."

मी डांबर अंगठ्यानं दाबून परत बसवलं आणि उठलो. स्टँडवर पायताणाचं टोक टेकवलं, दोन्ही हातांनी ते हलवलं. हललं नाही.

"न्हाई," मी म्हणालो. "वेल्डिंग हाय."