पाटीवरचा ए

चिंतामण पाटील सी.ए. नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, कारण सुरतेच्या उधन्यातल्या निम्म्या लोकांना तो सी.ए.च वाटायचा. तो अमळनेरचा बी.कॉम. आमच्या गल्लीतल्या यंत्रमागवाल्यांच्या वह्या लिहायचा, विक्रीकराचे फॉर्म भरायचा. काम एकदम चोख. सुरतेत अशा माणसाला मेहताजी म्हणतात.

त्र्याण्णव साली त्याने माझ्या शिलाईच्या दुकानासमोर खोली घेतली आणि इंग्रजीत पाटी रंगवून घेतली: सी. ए. पाटील. सी म्हणजे चिंतामण, ए म्हणजे त्याचे वडील आत्माराम. बापाच्या नावाशिवाय खान्देशी माणूस पाटी लावतो होय? पण गिऱ्हाइकं 'सीए साहेब' म्हणू लागली आणि या पठ्ठ्याने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. मला ते मुळीच आवडलं नव्हतं.

तीन वर्षांनी रिंगरोडवरच्या एका खऱ्या सी.ए.ची, भूपेंद्रभाईंची नोटीस आली. सी.ए. नसताना ती अक्षरं मिरवणं गुन्हा आहे; पाटी उतरवा, नाहीतर कोर्टात या. चिंतामण शाळेचा दाखला घेऊन तरातरा त्यांच्या ऑफिसात निघाला. भांडण बघायला मिळेल म्हणून मीही गेलो.

"हे माझं नाव आहे. बापाचं अक्षर मी पुसणार नाही," चिंतामणने दाखला टेबलावर ठेवला.

भूपेंद्रभाईंनी तो नीट वाचला. "नाम तो आपका ही है, पाटीलभाई. लेकिन लोग सीए साब बोलते हैं, तब आप क्या बोलते हो?"

चिंतामण गप्प. खरं म्हणजे तो तीन वर्षं गप्पच होता.

दुसऱ्या दिवशी त्याने येईल त्याला तोंडावर सांगितलं, "मी सी.ए. नाही, मेहताजी आहे. सी.ए. पाहिजे असेल तर रिंगरोडला जा." दोघे गेले. बाकीचे वह्या ठेवून चहा पिऊन गेले. चोख कामाला अक्षरं लागत नाहीत, हे मी त्याला पहिल्यापासून सांगत होतो.

पाटी नवी झाली. बापाचं अक्षर पुसायचं नव्हतं, म्हणून त्याने सगळं मराठीत, पुरतं लिहून घेतलं: चिंतामण आत्माराम पाटील, मेहताजी.

आत्मारामआबा मिलमधून निवृत्त झालेले, मराठी दुसरी शिकलेले. रोज त्याच पाटीखालून देवळात जायचे. त्या सकाळी ते थांबले, ओठ हलवत एकेक अक्षर लावलं.

"हाई मन्हं नाव शे?"

"हां आबा. पहिलेबी व्हतं."

"तवय माले कोठे दिखनं?"

चिंतामणने आतली खुर्ची आणून रस्त्याच्या कडेला, पाटीकडे तोंड करून ठेवली. आबा बसले. त्या दिवशी देवळात जायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही.