धडामकाका आणि पाच नंबरची टिकली

धडामकाकांना खऱ्या नावानं हाक मारली तर ते वळायचे नाहीत. 'धडाम' म्हटलं की लगेच वळायचे. गोंदियाकडच्या गोरेगावजवळच्या आमच्या गावात दिवाळीनंतर मंडई, म्हणजे जत्रा भरते; तिच्यात नाटक असलं की विंगेत उभं राहून वीज, घोडा, बंदूक असे सगळे आवाज तेच काढायचे. आधी पत्रा बडवून, नंतर बटणाच्या फोनवर. त्या फोनसाठी मी कॉलेजात असताना जावामध्ये एक प्रोग्राम लिहून दिला होता. पाच दाबलं की वीज, सहा दाबलं की घोडा.

फोनकडे ते कधी बघत नसत. नजर नटावर, अंगठा बटणांवर, पाचावरचा उंच टिपका चाचपत. "नजर हलली का बोट चुकते," म्हणायचे.

मग ऐन मंडईच्या तोंडावर तो फोन मेला. नाटक मंडळानं आवाजांसाठी गोंदियाहून लॅपटॉपवाला आणायचं ठरवलं. काका माझ्या मोबाइलच्या दुकानात आले. एरवी आल्या आल्या माझी टर उडवणारा माणूस, त्या दिवशी मेलेला फोन काउंटरवर ठेवून उभा राहिला. "माही जागा जाऊन राहिली, बाबू," एवढंच बोलले. मला मंडळाचा असा राग आला म्हणता. ज्यानं उभा जन्म विंगेत काढला, त्याला असं बाजूला सारायचं म्हणजे काय?

प्रोग्राम माझ्याकडे होता, पण काकांसाठी काढलेला नवा टचफोन त्याला ओळखच देईना. शेवटी एक ॲप सापडलं. ते टचफोनच्या आत जुन्या फोनचं सोंग उभं करतं, आणि प्रोग्रामला वाटतं आपण आपल्याच घरी आहोत. पडद्यावर बटणंसुद्धा उमटली. काका खूश. "म्हंजे हाही नाटकच करून राहिला. आपला पानठेलेवाला राजा होते, तसा."

रंगीत तालमीत मात्र फजिती झाली. काचेवरची बटणं डोळ्यांना दिसत, बोटाला लागत नव्हती. नायकाच्या आईनं प्राण सोडला आणि वीज कडाडायच्या जागी घोडा खिंकाळला. मेलेली आई हसत उठून बसली. मंडळाचे अध्यक्ष गोंदियाला फोन लावायला निघाले.

काका माझ्यावरच उखडले. "पाचवर टिपका राहे, तो काऊन नाही टाकला?"

"काचेवर टिपका कुठून आणू, काका?"

काकी डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कपाळावरची टिकली काढली आणि पडद्यावरच्या पाचावर चिकटवली. "घ्या टिपका. आता गुमान वाजवा."

काकांनी डोळे मिटून अंगठा फिरवला. वीज कडाडली. लॅपटॉपवाला आलाच नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात काका गेले. तेरवीनंतर काकींनी तो फोन आणि टिकल्यांचं पाकीट माझ्यापुढे ठेवलं. "मले कायले लागते आता? फोनले लावजो."

मी एकच टिकली काढून घेतली. "फोनला एवढी पुरते, काकी," म्हणत पाकीट त्यांच्या हातात परत दिलं. त्यांनी ते कमरेला खोचलं.

मंडईला विंगेत मी उभा राहिलो. अंगठा टिकलीवर, नजर नटावर. या नाटकात बाप मरत होता. त्याचा शेवटचा श्वास सुटणार, तेवढ्यात माझं लक्ष पुढच्या रांगेत गेलं. काकी बसल्या होत्या, कपाळावर टिकली लावून.

नजर हलली. बाप मेला आणि घोडा खिंकाळला.

सगळ्यात आधी काकी हसल्या.