स्टेनलेसला चुंबक चिकटलं!

आमच्या धातुशास्त्राच्या लॅबमधली दोन माणसं कुठेही भेटली, की वामनरावांचे किस्से सुरू होतात आणि चहा गार होतो!

सत्तरच्या दशकातलं नागपूर. स्टेनलेस स्टीलवर स्टेनलेस घासलं की धातू एकमेकांना चिकटून ओरबाडला जातो. त्यानं आतली रचना कशी बदलते, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. नमुने पॉलिश करायचे आमचे टेक्निशियन वामनराव, उमरेडच्या विणकर घरातले. पॉलिश बिघडलं की माझी पदवी गेली!

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "एका नमुन्याला किती मिनिटं?"

"घडी पाहून पोयी भाजते का कोनी, साहेब?"

*

एका सहकाऱ्यानं स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचाच नट चढवला, तोही कोरडा. नट अर्ध्यात अडकला. गडी पान्यावर लोंबकळायला लागला!

वामनराव शांतपणे करवत घेऊन आले. "एकाच घरचे दोघं घासून राहिले. आता कापल्याबिगर सुटत नाहीत!"

*

पॉलिशचं कापड संपलं, नव्याचा अर्ज फायलीत अडकला. वामनरावांनी घरून हातमागाच्या जुन्या लुगड्याचा तुकडा आणला. नमुना आरशासारखा झाला!

मी म्हटलं, "वहिनी रागावल्या नाहीत?"

"रागावली ना! म्हने, कालेजात फाटकं काहून नेता? चांगलं न्या!"

*

शेवटी परीक्षक आले. खिशातून चुंबक काढून त्यांनी घासलेल्या नमुन्याला लावलं. चिकटलं!

"असल्या स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही; हे स्टेनलेस नाही. नमुना बदललाय. कोणी तयार केला?"

घासण्याच्या माऱ्यानं वरचा थर बदलतो आणि चुंबकाला धरतो, हाच माझा निष्कर्ष होता. पण साहेबांना पटेना. माझ्या पदवीपेक्षा मला वामनरावांवरचा आळ झोंबला.

वामनराव पुढे आले. "चुंबक तुमच्याचपासी ठेवा, साहेब. मी घासतो, तुमी लावत जा."

जोर लावला असता तर त्या घासण्यानंच पुन्हा तसाच थर तयार झाला असता. वामनराव अगदी अलगद घासत वरचा थर उतरवत राहिले. चुंबकाची पकड ढिली होत गेली. तासाभरानं चुंबक टपकन टेबलावर पडलं. खाली तेच मूळचं स्टेनलेस!

साहेबांनी चुंबक उचलून खिशात टाकलं.

"शिक्षण किती तुमचं?"

"चौथी, साहेब."

साहेबांनी उठून हात पुढे केला. वामनराव आपला हात पँटला पुसत मागे सरले. "काळा हाये, साहेब."

"म्हणूनच द्या!"