अण्णाप्पांनी स्टार दाबला

मार्केट यार्डात गुळाचं दुकान चालवणारे अण्णाप्पा दिसायला जुने आणि हौसेला नवे. कपाळावर विभूतीचे पट्टे, डोक्यावर पांढरी टोपी आणि कमरेला मात्र उचगावातला पहिला पेजर. त्यावर निरोप धाडणारं गावात कुणी नव्हतं, हा भाग वेगळा. पुढच्या काळात बटण दाबलं की भाकरी टम्म फुगून ताटात पडेल, असं ते जेवताना सांगायचे. "आनि खानार कोन? तेबी मशीनच का?" असं विचारत त्यांची बायको चन्नम्मा दुसरी भाकरी वाढायच्या.

यंत्रावर श्रद्धा, पण गाण्यावर राग. घरात रेडिओ लागायचा तो बाजारभावासाठी. लग्नाला तीस वर्षं होत आली, तरी नवऱ्यानं एखादी ओळ गुणगुणलेली चन्नम्मांनी ऐकली नव्हती.

मोबाइलही साहजिकच गल्लीत आधी त्यांच्याकडं आला. एकदा त्यांनी दुकानातल्या जोतीराम हमालाला फोन लावला, तर घंटीऐवजी लावणी सुरू झाली. लावणीतली बाई दारातल्या पावण्याला आत येऊन कडी लावायला सांगत होती. मधेच दुसरी बाई गोड आवाजात म्हणाली, स्टार दाबा. हे गाणं बंद करायचं बटण असणार, असं समजून अण्णाप्पांनी रागानं स्टार दाबला. गाणं थांबलंही, कारण तेवढ्यात जोतीरामनं फोन उचलला.

स्टार दाबला की तेच गाणं आपल्या फोनला चिकटतं, हे त्यांना कोण सांगणार? आणि चिकटलेलं गाणं फोन करणाऱ्याला ऐकू येतं, मालकाला कधीच नाही. त्यात मोठ्या माणसानं फोन घाईनं उचलू नये, हा अण्णाप्पांचा नियम. त्यामुळं पावणा आत येऊन कडी लागेपर्यंत सगळं ऐकायला मिळायचं. अख्खं मार्केट यार्ड त्यांना फोन करू लागलं. उचलला की म्हणायचं, काय न्हाय, सहज केलता. बाजारात आपलं वजन वाढलंय, असं अण्णाप्पा घरी ऐटीत सांगायचे. त्यांच्या लेकीनं, शिवलीलानं, स्टारची सगळी भानगड आईला समजावून दिली होती. वडलांनाही सांगणार होती, पण चन्नम्मांनी तिला गप्प बसवलं.

अशात शिवलीलाला गडहिंग्लजचं स्थळ आलं. मुलगा संगमेश तिच्या मनात भरला होता. त्याचे वडील वीरभद्राप्पा मात्र कडक. पाहायला आले, चहा प्याले, पण हसले काही नाहीत. सोमवारी फोनवर कळवतो म्हणाले. सोमवारी फोन आलाही, पण अण्णाप्पा नेहमीच्या थाटात उचलेपर्यंत तो बंद पडला. त्यानंतर काहीच कळेना. शिवलीलाला जेवण जाईना. गाण्यानंच घात केला, असं चन्नम्मांना वाटायला लागलं.

शेवटी अण्णाप्पांनी आपणच फोन लावला. कानाला लावला आणि त्यांचा चेहरा तांबडालाल झाला. त्यांनी फोन कट केला.

"असल्या घरात लेक द्यायची न्हाय. त्येंच्या फोनात बाई कडी लावायला सांगतीया."

चन्नम्मा भिंतीला टेकून हसायला लागल्या. हसू ओसरल्यावर म्हणाल्या, "अवं, ते गानं तुमच्या फोनातलंच हाय. ऐकून त्येंनीबी स्टार दाबला असंल."

अण्णाप्पांना एकेक 'सहज केलता' आठवत गेला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस सांगितलं का नाही, असं त्यांनी विचारलं.

चन्नम्मांनी पदर सारखा केला. "दुपारी तुमाला जेवाय बोलवाय फोन करती न्हवं मी? तीस वर्सात तुमच्याकडनं दुसरं कुठलं गानं ऐकाय मिळालं मला?"

तेवढ्यात फोन वाजला आणि जन्मात पहिल्यांदा अण्णाप्पांनी तो लगेच उचलला. वीरभद्राप्पाच होते. मुलगी पसंत होती. घरात भांडणं चालली होती ती तारखेवरनं, म्हणून उशीर झाला. शेवटी ते जरा घुटमळत म्हणाले की अण्णाप्पांचा कडकपणा बघून त्यांचं घर घाबरलं होतं, पण फोन लावला आणि जीव भांड्यात पडला.

शिवलीलानं डोळे पुसले आणि गाणं काढून देते म्हणाली. बघू उद्या, म्हणत अण्णाप्पांनी फोन खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात फोन वाजला. वर 'घर' अशी अक्षरं होती. अण्णाप्पा नुसतेच बघत बसले, तेव्हा जोतीराम म्हणाला, मालक, फोन वाजतोय.

"वाजू दे की," अण्णाप्पा म्हणाले. "ती ऐकतीया."