मेणाचा गाल

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ — तिच्याजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सीताबर्डीजवळच्या मैदानावर मेणाच्या पुतळ्यांचं प्रदर्शन लागलं होतं. पुढारी, पहिलवान, नटनट्या! सारं नागपूर लोटलं होतं. मी कचेरीत कारकून, तोही टेंपररी. कुसुम खेड्यातून आलेली. पुतळ्यांपुढे थबकून हळूच म्हणायची, "अहो, हा आता पापणी हालवते पाहा."

एका नटीपाशी गर्दी जरा पांगली होती. तिचा गाल इतका खरा दिसत होता, की — काय सांगू? दोरीवरून वाकलो आणि अंगठा टेकवला. मार्चचा उकाडा, वर पत्रे. मेण मऊ पडलेलं. गालाला खड्डाच पडला.

"किसने हाथ लगाया?" रखवालदार ओरडत आला. माणसं जमली. त्यांत आमचे साहेब, कुटुंबासह. मी अंगठा मुठीत लपवला.

कुसुमनं पदर सावरला. "माह्या हातानं झालं जी. चुकलं."

तेव्हा तरी बोलायचं होतं, नाही का? मी काय केलं? सगळ्यांदेखत तिच्यावरच खेकसलो, "अक्कल नाही का वं तुले?" साहेब हसले. ती हात जोडून उभी राहिली.

इथवर भित्रेपणा म्हणा. पण पुढे? पुढे हा किस्सा मी चाळीस वर्षं सांगत आलो — लग्नांत, बारशांत, भरल्या पंगतीत. आमच्या हिनं नटीचा गाल चेपला! लोक पोट धरून हसायचे. तीही हसायची आणि वाढायला घ्यायची. त्या दिवशी घरी आल्यावरही तिनं विचारलं ते एवढंच — "भाकर टाकू का आता?"

नोकरी कायम झाली. धरमपेठेत घर झालं, मुलं शिकली. लोक मला सरळ माणूस म्हणतात. अशा बाईसोबत आयुष्य गेलं, हे केवढं माझं नशीब! रोज मनातल्या मनात तिला हात जोडतो. तोंडानं — एकदाही नाही.

परवा नातीनं विचारलं, "आजी, खरंच तू गाल दाबला होता?"

मी पेपरात डोकं घातलं.

"हाव वं," कुसुम म्हणाली. "लोण्यासारखा होता."

नात खिदळली. आणि मी — मीही हसलो.