स्लॅबच्या घरातली धुरी

माझा थोरला जन्मला तेव्हा आम्ही पिंपरीच्या कारखान्याच्या कॉलनीत नुकतेच राहायला आलो होतो. दीड खोली, वर सिमेंटचा स्लॅब. त्या घरासाठी लग्नानंतर दोन वर्षं वाट बघितली, हे इकडे खाणावळीत जेवत आणि मी गावात सासूपाशी. मला आई नव्हती, म्हणून बाळंतपण करायला आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाईच, तळेगावच्या पुढच्या आमच्या गावाहून आल्या.

कामाला बाई वाघीण. हे सकाळच्या शिफ्टला गेले की बाळाला तेल चोळायच्या, पायावर घेऊन कढत पाण्यानं न्हाऊ घालायच्या. मग शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा नि लसणाची सालं टाकून धुरी. वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटीतसुद्धा चिंध्या कोंबलेल्या. न्हालेलं पोर धुरी घेतली की गाढ झोपतं, हे कुणीही सांगेल. आमचं मात्र तिथूनच आकांत मांडायचं, ते पार दुपारपर्यंत. दृष्ट काढली, गुटी उगाळली, पोटाला हिंग लावला. ढिम्म फरक नाही! त्याच्याबरोबर मीही रडायची.

बारसं झालं आणि आत्याबाईंनी निकाल लावला. "ह्ये घर पोराला लाभत न्हाई. रविवारच्या गाडीनं दोघं गावाला चला."

एकदा गेले की पुन्हा कधी येणं होतंय कुणास ठाऊक! ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "आई म्हणतेय तर..." असा राग आला म्हणता!

शुक्रवारी धुरी झाली आणि पोरानं पुन्हा टाहो फोडला. माझं डोकंच फिरलं. सवा महिना बाळंतिणीनं बाहेर पडायचं नसतं, पण त्याला छातीशी धरून तशीच व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. आणि काय सांगू, दोन-चार हुंदके देऊन पोर गप्प! टुकुटुकु बघायला लागलं.

"बघ, म्या म्हनलं न्हवतं?" आत्याबाई दारात येऊन म्हणाल्या. "घराबाहीर आलं की गप."

मी वळून पाहिलं. त्यांचे डोळे लालभडक, नाकाला पदर, वर खोकला. डोक्यावरून धुराचा लोट बाहेर येत होता.

"अहो आत्याबाई," मी फटकन बोलले, "मग तुम्हालाही हे घर लाभत नाही का?"

सासूला असं तोंड वर करून कधी बोलले नव्हते. आता आपलं काही खरं नाही, म्हणून जीभ चावली. पण त्या आत वळून छताकडे बघत राहिल्या. गावच्या घरावर कौलं. धूर फटींतून आपसूक निघून जायचा, त्याचा विचार कधी कुणाला करावाच लागला नव्हता. आत्याबाईंनी चार पोरं धुरी देऊनच वाढवलेली. इथं धुराला जायला जागाच नव्हती आणि त्या कोंडवाड्यात आम्ही रोज लेकराला निजवत होतो.

"अगं बया," त्या म्हणाल्या, "म्याच रडवलं की गं त्येला."

शेगडी बाहेर गेली, चिंध्या उपसल्या. खोली मोकळी झाल्यावर बाळ झोपलं ते दुपार कलली तरी उठेना. श्वास चालू आहे ना, म्हणून मी दोनदा नाकाशी बोट धरून पाहिलं.

गावाला जायचं काय, ते मात्र कुणीच बोललं नाही. विचारायची माझीही छाती होईना. रविवार उजाडला. ह्यांनी आज्ञाधारकपणे माळ्यावरची ट्रंक खाली काढली आणि माझी लुगडी भरायला घेतली. हात धरावा की रडावं, मला कळेना.

तेवढ्यात बाळाला थोपटता थोपटता आत्याबाई लेकावर खेकसल्या, "अरं, ठेव ती ट्रंक! सोताचं घर सोडून लेकरू कुठं जाईल?"

मी मोरीत गेले आणि पोटभर रडून घेतलं.